जोडीजोडीने लावलेली वायर

वीस वर्षं मी नागपूरच्या भिंतींतून वायरी ओढल्या. विजेच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या सासरच्या माणसांना अजूनही मी पंखे दुरुस्त करत होते असंच वाटतं, आणि लग्नघरात कुणाच्या मिक्सरचा आवाज बदलला की मला हाक येते. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "शैलाताई, बाई असून तुम्ही या कामात कशा आलात ते लिहा." त्यात लिहिण्यासारखं फारसं नाही. बी.एस्सी. झाले, नोकरी मिळेना, एका फर्ममध्ये टायपिंगला लागले आणि एका उन्हाळ्यात तिथला वायर ओढणारा माणूस गावी गेला तो आलाच नाही. शिडी कोपऱ्यात उभी होती. मी चढले.

काम काय ते सांगते. एका ऑफिसात पाच कॉम्प्युटर असले तर एकावरची फाइल दुसऱ्यावर जायला वायर लागते. सगळ्या वायरी एका चपट्या डब्यात येऊन मिळतात. त्याला स्विच म्हणतात. त्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि लोकांचा त्या दिव्यांवर फार विश्वास. दिवा हिरवा म्हणजे सगळं आलबेल. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या एकाच जातीच्या असायच्या. डबा नवा, कॉम्प्युटर नवे, वायरीतून वाऱ्यासारखं जायला हवं असं दुकानदारानं सांगितलेलं, आणि या टेबलावरची फाइल त्या टेबलावर जायला दुपार लागते. फोनवर माणूस वैतागलेला असायचा. "मॅडम, नेट तर भन्नाट चालून राहिलं, फाइलच सरकून नाही राहिली."

अशा ठिकाणी पोचल्यावर मी आधी खाली बसायची. म्हणजे जमिनीवरच. उभ्या माणसाला वायर दिसत नाही. महाल भागात एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम अडकून पडले होते आणि वरमाय रोज येऊन काउंटरवर बसत होती. तिथे लोखंडी कपाटाचा पाय वायरीवर ठेवलेला होता, तोही नेमका वास्तुशास्त्र पाहून. कपाट हलवायला मालक तयार होईना, शेवटी वायर हलवली. रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे स्विच देव्हाऱ्याच्या फळीवर होता. कंपाउंडर भाविक. तो रोज सकाळी डब्यालाही हळदकुंकू वाहायचा आणि ते भोकांतून आत जायचं. मी ब्रशने कुंकू काढत बसले, तर डॉक्टर म्हणाले, "जरा जपून, त्याची श्रद्धा आहे." मी म्हटलं, श्रद्धा राहू द्या, डब्याला झाकण करा. आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. आमच्याकडे कूलर लागले की पंपाची वायर, पाण्याचा पाइप आणि कॉम्प्युटरची वायर खिडकीच्या एकाच फटीतून आत येतात, वर वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत असतं, आणि वरून मला विचारतात, काहून होते असं.

या धंद्यात वाट पाहण्याचं काम फार. दुरुस्ती केली की एक मोठी फाइल पाठवून बघायची आणि पडद्यावरची हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरते तिच्याकडे बघत बसायचं. मी अशी किती दुपारी बसले असेन कोण जाणे. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, कूलरचा एकसुरी आवाज, ओल्या वाळ्याचा वास, आणि समोर ती पट्टी. डोळे उघडे असतात पण आपण तिथे नसतो. त्या गुंगीत मला भिंतीच्या आतलं दिसायचं. चुन्यामागे, विटांच्या सांध्यांतून, पालीच्या अंड्यांजवळून माझी वायर गेलेली, आणि तिच्यातून कुणाचं पत्र, कुणाच्या छातीचा फोटो, कुणाच्या मुलीच्या लग्नाचा हार असं गुपचूप चाललेलं. माझ्या नवऱ्याला एकदा हे सांगितलं तर तो म्हणाला, तुला भूक लागली असेल.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

महालातच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बोलक्या पुस्तकांचं एक केंद्र आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी तिथे पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतात. मंगलाताई ते चालवतात. एका टोकाला रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना जुन्या गोधड्या लावलेल्या, म्हणजे रस्त्याचा आवाज येऊ नये. दुसऱ्या टोकाला मंगलाताईंचं टेबल. वाचक आतल्या खोलीत वाचतो, त्याची फाइल वायरीतून मंगलाताईंच्या कॉम्प्युटरवर येते, तिथे त्या खोकले-बिकले काढून टाकतात आणि मेमरी कार्डावर भरून देतात. केंद्र सुरू झालं तेव्हा ही वायर मीच ओढली होती, माझ्या अगदी पहिल्या कामांपैकी. पुढे बाहेरच्या खोलीत आणखी दोन कॉम्प्युटर आले, त्यांच्याही वायरी मीच टाकल्या. फर्म बंद झाली, मी हुडकेश्वरला घर बांधून निवृत्त झाले, तरी केंद्राचं काम माझंच. त्याचे पैसे घेत नाही. मंगलाताई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणत, "आमच्या भिंतीत यांची वायर आहे, वीस वर्षांत एकदा तक्रार नाही." ते ऐकायला मी कधी कधी उगाचच जात असे, हेही कबूल करते.

तिथले सगळ्यात जुने वाचक वामनराव. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत त्यांची नोकरी झाली. आवाज असा की गर्दीत कुणी वळून पाहावं. निवृत्तीनंतर रोज अकराला येऊन ते गोधड्यांच्या खोलीत बसत. सरकारी नियमांची पुस्तकं वाचायला कुणी तयार नसतं, वाक्य अर्ध्या पानाचं असतं आणि क्रियापद शेवटी सापडतं. वामनराव ती न अडखळता वाचत. आधी घरी एकदा वाचून येत, मग इथे रेकॉर्ड करत. एका प्रकरणाला त्यांना पाच दिवस लागत. घाई केलेली त्यांना चालत नसे.

या वर्षी ते जे पुस्तक वाचत होते ते वनितासाठी. वनिता उमरेडची, तिथल्याच एका कार्यालयात टेलिफोनवर बसते. जन्मापासून दिसत नाही. खात्याची परीक्षा पास झाली तर तिला टेलिफोन सोडून टेबल मिळणार होतं, आणि तिची ती शेवटची संधी होती. यापुढे वयात बसणार नव्हती. बारा प्रकरणांचं नियमांचं पुस्तक. दर शनिवारी ती बसने नागपूरला यायची, झालेलं प्रकरण कार्डावर घेऊन जायची आणि आठवडाभर ऐकायची. पुस्तक वामनरावच वाचून राहिले हे तिला पहिल्याच वाक्यात कळलं होतं. लहानपणी आईचा हात धरून स्टँडवर उभी असायची तेव्हाचा आवाज. मला म्हणाली, "यायनं उमरेड म्हनलं का मले घरी गेल्यासारखं वाटे जी."

मागच्या हिवाळ्यात केंद्राला कुणी तरी नवे कॉम्प्युटर दिले, आणि मी जुना डबा काढून नवा वेगवान स्विच बसवला. त्या दिवसापासून घोळ सुरू झाला. स्विचचा दिवा सांगे, भरधाव. आणि वामनरावांच्या खोलीतली फाइल मंगलाताईंकडे यायला सकाळची दुपार होई. कधी अर्ध्यात तुटे, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही म्हणाल पेन ड्राइव्हवर न्यायची. तेही बंद होतं, आणि ते मीच बंद केलं होतं. एकदा कुणाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊन एक अख्खं पुस्तक गेलं, तेव्हापासून आतल्या कॉम्प्युटरची ती भोकं मी चिकटपट्टीने बुजवून टाकली होती. नियम तो नियम.

म्हणून शनिवारी मी आणि वनिता मंगलाताईंच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसून वाट पाहायचो. ती विचारायची, "किती झालं जी?" मी पट्टी पाहून सांगायची, बावीस टक्के. मग थोड्या वेळानं, "आता कुठं आलं असंल?" खरं उत्तर असं आहे की वायरीत काही कुठे येत नाही नि थांबत नाही, जे जातं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पार होतं, आणि रखडतं ते पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं म्हणून. पण तिनं विचारल्यावर मला ते सांगवेना. मी म्हणायची, आता गोधड्यांच्या मागून निघालंय. आता दाराच्या चौकटीवरून चाललंय, तिथे कोळ्याचं जाळं आहे. आता पुस्तकांच्या कपाटामागे, तिथे जरा ओल आहे. ती मान कलती करून ऐकायची. खालून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न, कूलरचं पाणी, आणि आम्ही दोघी एका प्रकरणाला हळूहळू घरी आणतोय. खरं सांगते, माझ्या सगळ्या नोकरीत त्या शनिवारांइतकं मला काही आवडलं नाही. आणि ते माझ्याच चुकीमुळे मिळत होते.

मी शोध घ्यायला लागले. आमच्या कामात पहिला नियम, एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं. बाहेरच्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल पाठवली, मिनिटभरात गेली. मंगलाताईंच्या मशीनवरून पाठवली, गेली. फक्त आतल्या खोलीतून जाईना. म्हणजे दोष त्या खोलीत. इथपर्यंत मी बरोबर होते. खोलीत तीन गोष्टी: वायर, कॉम्प्युटर आणि वामनराव. वायरीला टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे दोन डब्या, वायरीच्या दोन टोकांना लावायच्या, आतल्या आठ तारा नीट पोचत असतील तर आठ दिवे क्रमाने लागतात. आठही लागले. आणि वायर तर माझी. वीस वर्षांत एकदा तक्रार नाही. ती मी बाजूला काढली.

कॉम्प्युटर उघडून पाहिला तर वामनरावांनी मधल्या सुटीत ऐकायला नाट्यसंगीत लावून ठेवलेलं, आणि एका खिडकीत बसगाड्यांचं वेळापत्रक. मला वाटलं, सापडलं. तो सोमवार होता. मंगलाताई, दोन वाचक बाया आणि चहावाला असे सगळे बाहेरच्या खोलीत होते. वामनराव नुकतेच आले होते, हातात पाण्याची बाटली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, हे बस स्टँड नाही. इथं एका वेळी एकच काम चालतं. तुमच्या गाण्यांपायी त्या पोरीची फाइल अडून राहिली."

वामनराव म्हणाले, "बरं." चष्म्याचं घर उचललं आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मंगलाताईंनी फोन केला तर म्हणाले, घशाला जरा आराम देऊन राहिलो. सात प्रकरणं झाली होती, पाच राहिली होती.

मी गाणी पुसली, वेळापत्रक बंद केलं, आणि फाइल पाठवली. तीच रखड. मी मनाशी म्हटलं, आणखी काही तरी असेल त्यांनी घालून ठेवलेलं. माणसाला एकदा गुन्हेगार ठरवलं की पुरावा आपोआप सापडत जातो. आठवडा असा गेला. पुढच्या सोमवारी भर दुपारी मी एकटीच त्या खोलीत बसले होते. कॉम्प्युटर अगदी कोरा, माणूस नाही, गाणं नाही, आणि पट्टी तशीच मुंगीच्या पावलाने. गोधड्यांमुळे तिथे आपला श्वास ऐकू येतो. दुसरं काही सुचेना म्हणून मी वायरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा खटका कापून नवा लावायला घेतला. कापायच्या आधी उजेडात धरला आणि आतले रंग पाहिले.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीचा एक पांढरा पट्टेवाला जोडीदार. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून असते. तो पीळ उगाच नसतो. जोडीतल्या दोघी मिळून एकच निरोप नेतात, आणि पिळामुळे शेजारच्या जोडीचा गोंधळ त्यांच्यात शिरत नाही. टोकाला मात्र या आठ तारा खटक्यातल्या आठ घरांत ओळीनं बसवायच्या असतात, आणि त्यात एक विचित्र नियम आहे. एक जोडी मोडून बसवायची. निळी जोडी मध्ये, आणि हिरवीचे दोघे तिच्या अल्याड-पल्याड. मशीन त्या दोन दूरच्या घरांनाच जोडी समजतं. कारण काय ते मला आजही पुरतं सांगता येणार नाही. जुन्या टेलिफोनपासून तसं चालत आलंय म्हणतात.

मी हे काम सुरू केलं तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं. खटक्यांच्या पाकिटात झेरॉक्सचा एक कागद आला होता, त्यावर रंगांचा क्रम. मी तो पाहिला आणि मला वाटलं, छापणाऱ्यानं चूक केली. आमच्याकडे मेहूण जेवायला बोलावतात तेव्हा नवरा-बायकोला शेजारी शेजारी पाटावर बसवतात. मध्ये दुसरं जोडपं बसवून त्यांना दोन बाजूंना कोण बसवेल? माझ्या आईनं मला पंगतीत वाढायला शिकवलं ते असं, की आधी जोड्या बघ, मग पानं मांड. मी कागदावरची चूक सुधारली. चारही जोड्या जोडीजोडीने, सुंदर ओळीत. वर्षभर मी नागपुरात अशाच वायरी टाकल्या. मग एका प्रशिक्षणात कळलं, तेव्हा मी मुकाट्यानं ज्यांची ज्यांची तक्रार आली त्यांची टोकं बदलून दिली. केंद्राची तक्रार कधी आलीच नाही. ती वायर मी विसरून गेले.

टेस्टरला हे कळत नाही. प्रत्येक तार दुसऱ्या टोकाला पोचते का, एवढंच तो बघतो. कुणासोबत पोचते ते नाही. आणि जुना डबा संथ होता, त्या चालीला हा गोंधळ सोसत होता. नव्या स्विचच्या वेगात हिरवीचं बोलणं निळीत आणि निळीचं हिरवीत. पलीकडे अर्धं पोचायचंच नाही, आणि मशीन इमानदार, पोचलं नाही की पुन्हा पाठवतं. वीस वर्षांपूर्वीचा माझा हात माझ्यासमोर होता. रंग किती नीट लावले होते.

दोन्ही टोकं बदलायला मला पाऊण तास लागला. सातवं प्रकरण पाठवून पाहिलं. पट्टी दिसली-न-दिसली तोच भरली. मंगलाताईंनी टाळी वाजवली, चहावाल्याला हाक मारून तर्री-पोहे मागवले. "काय होतं शेवटी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वायर जुनी झाली होती."

"मग वामनरावांच्या गाण्यांचं काही नव्हतं?"

आणि मी म्हणाले, "तेही होतंच थोडंफार."

हे वाक्य मी का बोलले याचा मी खूप विचार केला आहे. तोंडात पोहे होते, समोर माणसं कौतुक करत होती, आणि वीस वर्षांत कुणी माझी वायर चुकीची म्हटली नव्हती. एवढंच सापडतं. माझं मन मला खात होतं, पण सावकाश खात होतं. मी घरी गेले, पोळ्या केल्या, झोपले.

त्यानंतर आलेल्या शनिवारी वनिता आली. आता फाइलींना वेळ लागत नव्हता, पण नेण्यासारखी फाइलच नव्हती. मंगलाताईंनी दुसऱ्या एका बाईंकडून आठव्या प्रकरणाचं एक पान वाचून घेतलं होतं. वनितानं कानाला लावलं, ऐकलं आणि खाली ठेवलं. "यायले स्वतःलेच समजून नाही राहिलं," ती म्हणाली, रागानं नाही. मग मला विचारलं, "काकायची तब्येत बरी नाई का जी?" मी म्हटलं, घसा धरलाय म्हणतात. ती म्हणाली, "तुम्ही तर हुडकेश्वरलेच राहता. ते बी तिकडंच राहतात ना? पाहून या न मग." मी बघते म्हणाले.

वामनरावांचं घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मी आणखी चार-पाच दिवस लावले. एक दिवस पाहुणे होते, एक दिवस ऊन फार होतं. गेले तेव्हा ते ओसरीत बसून वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचत होते आणि ओठ हलत होते. पाणी आणून दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं: रंग, मेहूण, झेरॉक्सचा कागद. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे गाणं चालू असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "आत्ताच." हे खोटं होतं. कळून दहा दिवस झाले होते. वामनरावांना ते आता या अंकातच कळेल.

ते उठले आणि आत जाऊन नियमांचं पुस्तक घेऊन आले. आठव्या प्रकरणात कागदाची खूण होती. म्हणजे घरी वाचून ठेवलं होतं. म्हणाले, "मी उद्या येतो. पण बाई, तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. हेही तिथंच बोला."

बोलले. चहावालासुद्धा होता. मंगलाताई म्हणाल्या, "अहो, वीस वर्षं जुनी गोष्ट, एवढं काय." वामनराव आत जाऊन दार लावून बसले. खोलीवरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. मी गाण्यांची फाइल पुन्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवून दिली होती. दहा दिवसांचं मात्र तिथेही बोलले नाही.

परीक्षेला सोळा दिवस उरले होते. वामनरावांनी त्यांच्या चालीनं आठवं वाचलं, नववं वाचलं, दहावं वाचलं. मंगलाताई म्हणाल्या, जरा भराभर वाचता येईल का. ते म्हणाले, भराभर वाचून तिला समजायचं नाही, मग वाचून काय उपयोग. उन्हाळा भरात होता, आणि रेकॉर्डिंग चालू असताना आवाज नको म्हणून त्या खोलीतला पंखा बंद ठेवावा लागतो. ते सदरा भिजून बाहेर येत आणि फाइल त्यांच्या आधी मंगलाताईंच्या टेबलावर पोचलेली असे. अकरावं आणि बारावं राहून गेलं.

निकाल लागला तेव्हा वनिता कार्ड परत करायला आली. थोडक्यात गेलं होतं. रजेच्या नियमांचे दोन मोठे प्रश्न आले होते, आणि ते प्रकरण अकरावं. मंगलाताई चहा सांगायला गेल्या. आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो, कॉम्प्युटर बंद होता, त्यामुळे पाहायलाही काही नव्हतं. ती मला वायरीचं विचारत होती. तिनं मेहुणाची गोष्ट ऐकली होती, हसली होती त्यावर. "माही मावशी बी तशीच बसवे," ती म्हणाली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "कवा सापडलं म्हनलं तुम्हाले ते?"

तिला खोटं सांगणं सोपं होतं. माझा चेहरा तिला दिसत नाही. का कोण जाणे, त्यामुळेच जमलं नाही.

"मी काकांना सांगितलं त्याच्या दहा दिवस आधी," मी म्हणाले.

हातातलं कार्ड तिनं टेबलावर ठेवलं, सरळ केलं, पुन्हा सरळ केलं.

"काका एका प्रकरणाले पाच दिवस घेतात," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "दहा दिवसात दोन होतात, मॅडम."

मी म्हटलं, "हो."